नाडीमिस्त्रींचा हात

मी तापलेल्या चाकांवर विहिरीचं गार पाणी ओतलं. एकदा नव्हे, दर शनिवारी. आणि नाडीमिस्त्रींनी विचारलं तेव्हा 'नाही' म्हणालो. यातला कुठला मूर्खपणा मोठा, हे ठरवण्याचं त्राण आता माझ्यात नाही. दोन्ही माझेच.

नाडीमिस्त्री हे नाव त्यांना शिवाजी पेठेनं दिलेलं. गाडी आली की ते आधी बॉनेट उघडत नसत. मालकाला चालवायला सांगत, शेजारी बसत, डोळे मिटत आणि वैद्य मनगटावर ठेवतो तशी दोन बोटं डॅशबोर्डवर ठेवत. "हळू दाबा ब्रेक. हळू! नारळ फोडताय व्हय?" एवढंच बोलत. परत येईतो दुखणं सापडलेलं असे. साठी कधीच उलटलेली, गुडघे कामातून गेलेले, शेडच्या मागंच घर. पण हाताखालून गेलेली गाडी परत आली नाही, हा त्यांचा एकच तोरा होता.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तक्रार सांगितली, "ब्रेक मारला की गाडी हलते."

"हलती म्हंजे काय ओ मास्तर? पाळनाबी हलतोय," मिस्त्री म्हणाले. "स्टेअरिंग थरथरतंय, का पायाखाली पेडल धडधडतंय, का बुडाखाली शीट हादरतंय? तीन येगळी दुखनी हायत. नीट शब्द सांगा."

मी पन्हाळ्यावरच्या शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवतोय. समानार्थी शब्द म्हणून ही तिन्ही क्रियापदं मी फळ्यावर एका ओळीत लिहिलेली आहेत. पुन्हा चक्कर मारली, तेव्हा कळलं की माझं थरथरतंय. म्हणजे पुढची चाकं. चाकाआड एक लोखंडी थाळी असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक तिलाच दोन्ही बाजूंनी चिमटा घेतो. ती केसभर जरी वाकली तरी प्रत्येक फेऱ्याला ब्रेकला ठेच लागते आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. मिस्त्रींनी चाक काढलं, सायकलची एक तार डिस्कच्या कडेशी घट्ट बसवली आणि डिस्क हातानं फिरवली. अर्ध्या फेऱ्यात तार खरखरली, अर्ध्यात गप्प. "ऐका," म्हणाले, "तार खोटं बोलत न्हाई." डिस्क उद्यमनगरातून लेथवर सपाट करून आणली. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली.

दीड महिन्यात पुन्हा थरथर. आता त्यांनी नवी डिस्कच घातली. त्यालाही दोन महिने झाले आणि तिसऱ्यांदा मी त्यांच्या दारात.

कारण साधं होतं. आमच्या राजारामपुरीच्या बिल्डिंगमध्ये गाडी धुवायला पाणी देत नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी घाट उतरायचो. पायथ्याशी एका विद्यार्थ्याच्या वडिलांची विहीर होती, तिथं तांबडी माती धुवायची. घाटभर ब्रेक दाबून चाकं रसरसलेली. बादली मारली की आतून 'चुर्र' व्हायचं, वाफ निघायची, फोडणी बसल्यासारखी. खरं सांगायचं तर मला तो आवाज आवडायचा.

तिसऱ्या वेळी बाकड्यावर चार माणसं होती आणि मिस्त्री एका जीपवाल्याला सोलत होते. "तापल्या तव्यावर पानी वतलं तर तवाबी वाकतोय. ही थाळी मग काय रं? चाक हाय का म्हस हाय, धुवाय?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. हसता हसता मला माझी शनिवारची बादली आठवली.

तेवढ्यात मिस्त्री माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमी न्हाई न्हवं मारत पानी?"

"छे! मी कशाला मारीन?" मी इतक्या शुद्ध मराठीत म्हणालो की जीपवाल्यानंही मान डोलावली.

मास्तर माणूस खोटं बोलणार नाही, हे मिस्त्रींनी गृहीत धरलेलं. मग चूक कुणाची? त्यांचीच. ते गुडघे धरत चार दिवस गाडीखाली गेले. चाकाचा हब पाहिला, बेअरिंग बदललं, नट पुन्हा पुन्हा आवळले. पाचव्या दिवशी किल्ली माझ्या हातात दिली. "दुसरीकडं दावा. हात गेला माजा, मास्तर. तार खरखरती ती खरी, का माज्या कानात, तेबी कळंना झालंय."

मी किल्ली घेतली आणि निघून आलो. पाणी मारणं त्या दिवसापासून बंद केलं. तेवढीच माझी सचोटी. महिनाभर थरथरतं स्टेअरिंग धरून घाट चढलो, उतरलो. मिस्त्री आता आलेलं गिऱ्हाईकही परत पाठवतात, शेड कुणाला तरी भाड्यानं द्यायचं चाललंय, असं कानावर आलं. रोज ठरवायचो, उद्या सांगू. खोटं बोलायला क्षण पुरला होता, ते परत घ्यायचं म्हटलं की अंगात बळ नसायचं.

शेवटी एका दुपारी गेलो. मिस्त्री पाने-पकडी तेलाच्या फडक्यानं पुसून जुन्या धोतरात गुंडाळत होते. त्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या काकू, दारात चहा घेऊन उभ्या.

"मिस्त्री, मी पाणी मारत होतो. चाकांवर. घाट उतरल्या उतरल्या."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "चुर्र वाजायचं?"

"वाजायचं."

त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, कुणीतरी हरवलेली वस्तू आणून द्यावी तसा. "म्हंजे तार बरुबर सांगत हुती," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धोतराचं गाठोडं पुन्हा सोडलं. डिस्क काढली, तार लावली, लेथवरून आणली, बसवली. मला चालवायला लावलं, शेजारी बसले, डोळे मिटले, दोन बोटं ठेवली. "दाबा." गाडी थांबली. ते मात्र बराच वेळ बोटं तशीच ठेवून बसले होते.

शेड भाड्यानं द्यायचा शब्द दिला गेला होता, तो काही परत घेता आला नाही. त्या महिन्याअखेर दोघं लेकीकडं कराडला गेली. मी निरोप द्यायला गेलो तेव्हा मिस्त्री टेम्पोत पुढं बसले होते आणि ड्रायव्हरला म्हणत होते, "तुजं पेडल धडधडतंय बग, मागच्या चाकाचं ब्रेक-ड्रम दाव कुनाला तरी." मी खिडकीशी जाऊन क्षमा मागितली. मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बोलल्या काकू. "म्हैनाभर ह्यो मानूस ताटावर बसून सवताचा हात बगत हुता. आन् तुमी म्हनं पोरास्नी भाशा शिकवतासा! एक 'व्हय' म्हनाया येत न्हाई तुमास्नी."