वकीलदादा मंत्री झाले तेव्हा

अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या एका उंच इमारतीत सदानंद खमितकर मुलाकडे राहतात. खाली कालव्याकाठी फिरायला येणारे लोक त्यांना तन्मयचे बाबा म्हणून ओळखतात. हा माणूस एके काळी मंत्री होता, हे तिथे कुणालाच ठाऊक नाही. एकदा पाहुण्यांसमोर त्यांच्या पत्नी, सुचित्राबाई, बोलून गेल्या, तेव्हा "असो, झालं ते," म्हणत सदानंद उठून आत गेले होते.

सोलापुरात त्यांची वकिली सुरू झाली ती लाल बावट्याच्या कचेरीत. अशील म्हणजे विडी वळणाऱ्या बाया. दिवसभर मान मोडून विड्या वळायच्या आणि संध्याकाळी कारखान्यात मुकादमानं त्यातल्या मूठमूठभर 'खराब' म्हणून बाजूला टाकायच्या. मालक तर म्हणायचे, या बाया आमच्या कामगारच नव्हेत, त्या कंत्राटदाराच्या. सदानंद हे प्रकरण वर्षानुवर्षं लढले आणि जिंकले. बाया हजेरीपटावर आल्या, त्यांना फंड लागू झाला. निकालाच्या दिवशी त्यांची पुढारी नर्मदा कोर्टाच्या पायरीवर फतकल मारून रडली होती. तेव्हापासून बायांच्या तोंडी ते वकीलदादा झाले.

लाल बावट्यावर ते दोनदा निवडणुकीला उभे राहिले आणि दोनदा पडले. तिसऱ्या खेपेला सत्तेतल्या पक्षानं तिकीट देऊ केलं. बाहेरून ओरडण्यापेक्षा आत जाऊन चार कामं करावीत, असं त्यांनी मनाला समजावलं. नर्मदाला सांगायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जावा. पन आमाला इसरू नका म्हंजे झालं."

ते निवडून आले आणि कामगार खात्याचे राज्यमंत्रीही झाले. बायांनी पेढे वाटले. वर्षभरात मालक मंडळी वरच्या ओळखीनं आली. कारखाने परराज्यात जातील, म्हणाली. कंत्राटावर काम द्यायची मुभा हवी. मुख्यमंत्र्यांचा फोन आला. सदानंदांनी दोन दिवस फाइल अडवली आणि तिसऱ्या दिवशी सही केली. वकील म्हणून मिळवलेल्या निकालातली हवाच त्यांनी मंत्री म्हणून काढून घेतली.

बाया मुंबईला आल्या. शिष्टमंडळ मंत्रालयाच्या दारात बसलं, पुढे नर्मदा. सदानंद वर दालनात होते. खाली जायला दोन मजले उतरायचे होते, फार तर. त्यांनी सचिवाला पाठवलं, "साहेब बैठकीत आहेत." बैठक नव्हती. टेबलावरचा चहा निवत होता आणि ते नुसते बसून होते.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. नवा पक्ष विसरला, जुन्यानं दार उघडलं नाही. कोर्टात परत जावं तर कुठल्या तोंडानं? तन्मय अबू धाबीत एका बांधकाम कंपनीत एचआर बघायचा. "बाबा, या इकडे. टेन्शन नाही, पॉलिटिक्स नाही. खलास!" तो म्हणाला, आणि ते आले.

गेल्या वर्षी ब्लडप्रेशर तपासायला ते जवळच्या क्लिनिकमध्ये गेले. दंडाला पट्टा बांधणाऱ्या नर्सनं नाव वाचलं आणि मराठीतच विचारलं, "खमितकर? सोलापूरचे का ओ तुम्ही?"

"हो. तू कुठली?"

"तिथलीच. दर्शना माझं नाव. माझी आजी विडीत होती. नर्मदा."

त्या दिवशी त्यांचं ब्लडप्रेशर एवढं वाढलेलं निघालं, की दर्शनानं अर्धा तास बसवून पुन्हा मोजलं.

सुचित्राबाईंनी तिला रविवारी जेवायला बोलावलं. पोरगी मोकळ्या स्वभावाची होती. शेंगाची चटणी बघून खूश झाली. जेवण झाल्यावर सदानंद चाचरत म्हणाले, "आजीशी बोलता येईल का गं?"

दर्शनानं बोटिम ॲपवर व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सुरकुतलेला, दात गेलेला चेहरा आला. नर्मदानं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोन, वकीलदादा व्हय? बारीक झालाव की."

"नर्मदाबाई, त्या दिवशी मी दालनातच होतो. बैठक-बिठक काही नव्हती."

"ठावं हाय. शिपायानं सांगितलं हुतं आमाला."

"चुकलं माझं," सदानंद एवढंच म्हणाले.

नर्मदा म्हणाली, "मंत्री काय, दर पाच वर्साला नवा येतोय. आमचा वकील गेला त्यो गेलाच, दादा. पुन्हा तसा गावला न्हाई." मग आवाज बदलून तिनं सुचित्राबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, नातीला वेळेवर जेवायला सांगितलं आणि फोन ठेवला.

तन्मयची मुलगी ओवी सोफ्यावरून सगळं ऐकत होती. "आजोबा, यू वेअर अ मिनिस्टर? रिअली? मिनिस्टर ऑफ व्हॉट?"

"कामगार खात्याचा."

"सो यू हेल्प्ड देम?"

"तू अभ्यासाला बस," सुचित्राबाई मध्येच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दर्शना आली, तेव्हा सदानंद कपडे बदलून बसले होते. फोन लावला तर तिच्या काकूनं उचलला. आजी देवळात गेलीय, म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी आजी झोपली होती. त्यानंतर कुणाकडे बारशाला गेली होती. सदानंद काय समजायचं ते समजले. दर्शनालाही कळलं असावं, कारण ती त्यांच्या नजरेला नजर देईना.

दर्शना अजून येते. सुचित्राबाई तिला डबाही भरून देतात. निघताना सदानंद तिला लिफ्टपर्यंत सोडायला जातात.

"बरी आहे ना आजी?"

"बरी आहे. काही सांगू का तिला?"

"नको," ते म्हणतात. "मी विचारलं, हेसुद्धा सांगू नकोस."