तंबूचं दार

बाबांच्या तंबूला लाकडी दार होतं. चौकट, बिजागऱ्या, आतून लावायची कडी, सगळं रीतसर. भिंती मात्र कापडाच्या. चोराला यायचंच असतं, तर कुठल्याही बाजूचं कापड उचलून तो सुखाने आत आला असता. पण हा मुद्दा घरात कुणी काढायचा नाही, कारण ते दार आईसाठी होतं.

बाबा सुतार. कारखान्यात आठवडाभर दारंच करायचे, म्हणून सगळे त्यांना दारवाले म्हणत. कामाला वाघ माणूस. सकाळी डबा घेऊन निघायचे ते संध्याकाळी भुशाने माखून परत. पण सुट्टी आली की पायाला भिंगरी लागलीच म्हणून समजा. "आठवडाभर लोकांना घरात कोंडायची सोय करतो, आज तरी मला मोकळं सोडा," असं म्हणत ते जुन्या गाडीच्या टपावर सामान बांधायला घेत. डोंगर, ओढा, झाडी, काहीही चालायचं. डोक्यावर छत नसलं म्हणजे झालं.

आई अगदी उलट. उंबरठ्याबाहेरच्या जगावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. लग्नानंतर बाबांनी पहिल्यांदा तळ्याकाठी मुक्कामाचा बेत काढला, तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं, "कडी लावल्याशिवाय मला झोप लागत नाही." दुसऱ्या कुणी समजूत घातली असती, नाहीतर भांडण उकरून काढलं असतं. बाबांनी दार केलं. कारखान्यातले लोक हसून हसून बेजार झाले. बाबा म्हणाले, "हसा लेको. माझी बायको येतेय ना बाहेर?"

मग तो शिरस्ताच पडला. आई आणि दोन्ही मुलं कडी लावून आत झोपत, आणि बाबा दाराबाहेर चटई टाकून उघड्या आभाळाखाली. सकाळी तीन दगडांवर चहा उकळायचा आणि बोटाच्या पेराने दार वाजवायचं. "उठा, सूर्य कुणाची वाट बघत नाही!" थोरल्या लेकीला त्या टकटकीचा भयंकर राग यायचा. लहानपणी तिने एकदा दारावर उशी फेकली होती. ती आपटून परत तिच्याच नाकावर आली, हा किस्सा बाबा शेवटपर्यंत मीठमसाला लावून सांगत.

शेवट मात्र त्यांनी झटपट उरकला. कामावरून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून आईने घराला आतून कडी लावली ती लावलीच. बाजारहाट बंद, शेजारणीकडे जाणं बंद, खिडकीचा पडदासुद्धा बंद. असं बरेच महिने चाललं. थोरलीच्या जिवाला घोर लागला. बाबा गेले ते गेलेच, आता आईही हातची जाते की काय? शेवटी तिने चंग बांधला. आईला तळ्यावर न्यायचंच. रोज फोन करून तिने आईचं इतकं डोकं खाल्लं की आई वैतागून म्हणाली, "येते बाई. पण गाडीतून उतरणार नाही, सांगून ठेवते."

"नको उतरूस," थोरली म्हणाली. निदान गाडीत तरी बसेल!

तळ्यावर पोचल्यावर थोरली आणि धाकटा भाऊ तंबूशी झटू लागले. बाबा असताना दोघांनी कधी खुंटीला हात लावला असेल तर शपथ. एकीकडे दोर ताणावा तर दुसरीकडे कापड लोळण घेई. शेवटी कसंबसं दार उभं राहिलं, तेव्हा धाकट्याने लढाई जिंकल्यासारखा घाम पुसला.

तेवढ्यात गाडीची काच खाली झाली.

"अरे, दारवाल्याची मुलं ना तुम्ही? कडी बाहेरून? मला कोंडून पळून जाताय की काय?"

आणि आई चक्क खाली उतरली. तणतणत आली, दार काढायला लावलं, फिरवून घेतलं आणि चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. बाबा दर वेळी म्हणायचे, "अगं, धर जरा." आज कुणी म्हटलं नव्हतं.

"आधी मागचे दोर बांधा, पुढचे नंतर," ती म्हणाली. "ते असंच करायचे." थोरलीला रडू फुटलं. तिने ते लपवलंही नाही.

रात्री आईने स्वतः कडी लावली. बाहेर चटई टाकायचा विषय कुणी काढला नाही.

सकाळी दारावर टकटक झाली.

अर्धवट झोपेत, क्षणभर, थोरलीला खरंच वाटलं, बाबाच. मग दिसलं की कडी काढलेली आहे आणि शेजारचं अंथरूण रिकामं आहे. तिने दार ढकललं. बाहेर आई उभी होती. केस विस्कटलेले, पाय दवाने भिजलेले, हातात चहा. तिच्यामागे गवतावर चटई होती, आणि चटईवर तिची शाल.

"तू बाहेर झोपलीस?"

"झोपते कसली! नुसती बघत पडले होते." आईचा आवाज रागावलेला होता. "एवढं आभाळ तुमचे बाबा इतकी वर्षं एकटेच बघत होते. एकदा तरी म्हणायचं ना मला, ये बाहेर म्हणून!"

"म्हणायचे की गं," थोरली म्हणाली. "रोज सकाळी दार वाजवायचे."

आईने चहा थोरलीच्या हातात दिला आणि आत घोरत पडलेल्या धाकट्यासाठी दार पुन्हा वाजवलं.