केसपेपरवरचं ‘नाही’
आज फाइली लावताना घडीवर झिजलेला एक केसपेपर सापडला आणि स्पिरिटच्या वासाची ती सकाळ आठवली. कापसाचा अभ्यास करायला केनियाहून आलेली एक मुलगी तेव्हा पांढरकवड्याला आमच्या वरच्या खोलीत राहत होती. तिचं पोट दुखत होतं. मला इंग्रजी येतं म्हणून मी दवाखान्यात सोबत गेले. बाकावर सगळ्या ओळखीच्या बायका होत्या. “काकू, लगन झालं काय हिचं?” नर्सने त्यांच्यासमोरच विचारलं. दिवस गेलेत का, हे आमच्याकडे असंच आडून विचारतात. तिचा मित्र दिवाळीत येऊन राहून गेला होता, हे मला ठाऊक होतं. तरी तिला न विचारताच मी म्हटलं, “नाही.” “मंग काही इचाराचंच नाही,” म्हणत नर्सने तसं लिहिलं. “काय विचारलं?” मुलीने इंग्रजीत विचारलं. “नाव, वय,” मी म्हणाले. पित्ताच्या गोळ्या घेऊन आम्ही परतलो. चौथ्या दिवशी ती जिन्यात कोसळली. गर्भ पिशवीऐवजी नळीत वाढून नळी फुटली होती. नागपूरला ऑपरेशन झालं, जेमतेम वाचली. मायदेशी निघताना मला मिठी मारून म्हणाली, “आजी, तुम्ही नसता तर दवाखान्यात माझं कोण होतं?” नातवंडांनो, तुम्हीही तिकडे परदेशात परक्या डॉक्टरांपुढे बसता. तेव्हा तुमच्या शेजारी माझ्यासारखी कोणी नसावी, एवढंच मी देवाजवळ मागते.