मूळपुरुषाची पाटी

आमच्या सासरच्या माणसांना एक आजार आहे. आपण इथले पहिले, हा तो आजार. मी दापोलीची. लग्न होऊन रत्नागिरीत आले, तेव्हा हातांची हळद निघायच्या आधीच मला पडवीत बसवून मूळपुरुषाची गोष्ट सांगण्यात आली. मूळपुरुष गुहागरकडून आला, होडीतून खाडी ओलांडली, कातळ फोडून विहीर खणली, माड लावले. त्याआधी इथे कोण होतं? "वाघ आणि भुतं," असं माझे चुलतसासरे सांगतात. त्यांना सगळी वाडी काकाच म्हणते.

होडी वल्हवली कोणी, असं मी नवी असताना एकदा जेवणाच्या पंगतीत विचारलं होतं. मला आमटी वाढायला सांगण्यात आलं.

काकांनी उभा जन्म कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर इतिहास संशोधनाला सुरुवात केली. संशोधन म्हणजे काय, तर आपल्याच गोष्टीत दरवर्षी थोडी भर घालायची. माझ्या लग्नात मूळपुरुषाजवळ एक कोयता होता. माझा मुलगा कॉलेजात गेला तोवर त्याच्या हाती तलवार आली होती. मग कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, आणि पुण्यामुंबईच्या ज्या मंडळींना बागेतला आंबा तेवढा ठाऊक, त्यांनाही अंगात मूळपुरुषाचं रक्त सळसळताना जाणवू लागलं. ठरलं, की विहिरीजवळ काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवायची. मजकूर काकांचा: 'या निर्जन भूमीवर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या आमच्या मूळपुरुषाच्या स्मृतीस.'

निर्जन! विहिरीजवळ राखणदाराचा दगड होता, तो काय वाघाने ठेवला होता? आमच्याकडे कुठल्याही जागेला राखणदार असतो. आपल्या आधी त्या जमिनीवर जो नांदला, तो तिथला राखणदार. मागाहून आलेल्याने वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे चार माणसांत मोठ्याने त्याची परवानगी मागायची. आमच्या घरचा नारळ त्या दगडाला कधी चुकला नाही. दर अवसेला दिवा मात्र लावायची ती खाडीवरच्या मच्छीमार घरातली एक म्हातारी. तिच्या सासऱ्यांचे वाडवडील या उतारावर राहत होते. ती घरं हळूहळू खाली खाडीच्या कडेला गेली आणि उतार आमची बाग झाला. वर त्यांचं म्हणून उरला होता तो हा दगड तेवढा.

पाटी विहिरीजवळच्या चौथऱ्याच्या बरोब्बर मध्यभागी यायला हवी होती आणि दगड आड येत होता. म्हातारी वर आली. "काकानू, तेवढा दगड हिते ऱ्हावदे," म्हणाली. "तो गेला तर आमी हिते व्हतो असा कोन सांगनार?"

"अगो, तुझ्याच दारात आणून ठेवतो की. तुला चढण नको," काका म्हणाले, आणि आपण केवढा उपकार केला अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेसीबीने दगड उचलून तिच्या कुंपणाशी टाकला.

अनावरणाच्या दिवशी मांडव, सनई, मोदक, सगळं यथासांग होतं. पाटीवर जरीचा पडदा. काकांनी दोरीला हात घातला आणि तसेच थबकले. गाऱ्हाणं राहिलं होतं! पावशेर बेसन आणायचं तरी जे राखणदाराला विचारून आणणार, ते आज त्याला न विचारता पडदा कसे ओढतील? आणि राखणदार तर यांनीच हाकलून दिलेला. काकांना घाम फुटला. इतिहासाला नाही भ्याले कधी, पण याला भ्याले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जा, तासाभरापुरता मागून आण. मागोमाग टेम्पो पाठवतो."

मंगल कार्यालयातून सतरंज्या आणाव्यात तसा हा माणूस देव मागवत होता. मला किळस आली. मी तडक खाली गेले.

म्हातारी अंगणात बांगडे सुकत घालत होती. दगड तिने तुळशीजवळ उभा करवून घेतला होता, समोर दिवा. माझा निरोप तिने ऐकून घेतला. "आता तो हलायचा नाय," म्हणाली. "काय सांगायचा ता हिते येवन सांगा."

मी वर जाऊन तसंच सांगितलं. आणि आली की सगळी! रेशमी सोवळी गुडघ्यापर्यंत धरून, नाकाला रुमाल लावून, सुक्या बांगड्यांमधून वाट काढत अख्खं कुळ तिच्या अंगणात उभं राहिलं. काकांनी नारळ फोडला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, तू हितला मूळचा, आम्ही मागाहून आलो."

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले.

"तुझ्या जमिनीत घर बांधलं, तुझं पाणी प्यायलो, काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल."

"व्हय महाराजा!"

एकाचाही आवाज अडखळला नाही. ग्रॅनाइटवर कोरलेलं खोटं वर वाट बघत होतं, आणि खाली ही माणसं घसा ताणून खरं सांगत होती. त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. ढोंग्याला निदान आपण ढोंग करतोय हे ठाऊक असतं. यांना तेवढीही अक्कल नव्हती.

काका वळले, तशी म्हातारी पुढे आली. "काकानू, आता ह्या सगल्यांम्होरं बोललात, तेवडा त्या पाटीवर लिवा. दुसरा मना काय नको."

काका हसले. मनापासून हसले, लहान मुलाने काही विचारावं तसे. "अगो, हे देवाला सांगायचं असतं. लोकांना नाही."

सगळं कुळ हसलं. वर सनई सुरू झाली होती, मोदक निवत होते, मंडळी परत चढायला लागली. म्हातारीने नारळाची दोन्ही भकलं उचलली, काकांच्या हातात परत दिली आणि त्यांच्यामागे कुंपणाचं बांबूचं बेडं ओढून लावून घेतलं.