ते 'नाही' माझं होतं

दिलीप गेल्याचं मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. वर कुणाच्या तरी प्रमोशनचे पेढे, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. साहेबांनी लिहिलं, 'जुन्या पिढीचा माणूस.' डोकं फिरलं माझं. जुन्या पिढीचा म्हणे. बावन्न वर्षांचा होता तो.

साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही पंधरा वर्षं शेजारी बसलो. दूरच्या पंपिंग स्टेशनांवरच्या टाक्यांची पातळी शहरात कळवणारी मशीनं आम्ही सांभाळायचो. त्यातली काही स्टेशनं अजून टेलिफोनच्या जुन्या, भाड्याच्या तारांवरून बोलतात, इंटरनेटच्या आधीच्या भाषेत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ती भाषा येते. पण कर्नल नव्याने बांधताना एका लांबलचक यादीत तिच्यापुढे 'हो' म्हणावं लागतं. शेजारी सल्लाही असतो : खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. दिलीप त्या ओळीवर जाम चिडायचा. "खात्री नसेल तर फोन कर ना यार. तिथे माणूस बसलाय, त्याला विचार." आणि स्वतः खरंच करायचा. आधी ऑपरेटरच्या मुलीच्या लग्नाची चौकशी, मग तारेची.

गेल्या वर्षी कर्नलची नवी आवृत्ती बांधायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांना सगळं हलकं, सुटसुटीत हवं होतं. मी यादी साफ करत सुटले. ही भाषा आता कोण वापरतंय, असं वाटलं नि 'नाही' म्हणून मोकळी झाले. दिलीप दोन हातांवर बसला होता, त्याला विचारलं नाही. सोमवारी तीन स्टेशनं मुकी झाली. एक टाकी भरून वाहिली, खालच्या वस्तीत पाणी शिरलं, लोकांचं धान्य भिजलं.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, दिलीपचं जुनाट सामान कधीतरी दगा देणारच होतं. मी टेबलाकडे बघत बसले. प्रत्येक बदलापुढे तो करणाऱ्याचं नाव नोंदलेलं असतं, दिलीपने ते पाहिलंच होतं. पण त्याने माझं नाव घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याने तिन्ही तारा चालू करून दिल्या, आणि महिन्याभरात त्याला घरी बसवलं. साहेबांचा राग येतो, ती नोंद उघडून बघायची तसदीसुद्धा घेतली नाही. दिलीपचाही येतो, एवढा कसला रे मोठेपणा? आणि माझा तर... लाजेपोटी वर्षभर त्याला एक फोन केला नाही मी. मग त्याला अटॅकच आला.

साहेबांना मेल केली : ती चूक माझ्या नावावर घाला. उत्तर आलं, 'आता कशाला?' म्हणून इथे लिहितेय. ते 'नाही' मी म्हटलं होतं, दिलीपने नाही.

तो गेल्यावर पंधराव्या दिवशी कांजूरमार्गला त्याच्या घरी गेले. वहिनींपुढे सगळं ओकून टाकलं. त्या म्हणाल्या, "माहितीय मला. ह्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग तुम्ही मला..."

"मी तुला झापायला येणारच होते गं. हेच म्हणाले, थांब, ती येईल स्वतःहून. दर रविवारी तुझ्या वाटणीचा चहा टाकायला लावायचे."

"आणि मी आले नाही की?"

"दुपारी गरम करून स्वतःच प्यायचे."