छावणीतला गडी

उसाच्या वाढ्यांचा वास आला की दुष्काळातली चारा छावणी आठवते. सहकारी कारखान्याच्या माळावर जनावरांसोबत आमचंही बिऱ्हाड होतं आणि तिथंच मला बघायला पाहुणे आले. टँकरच्या पाण्यात विष कालवलंय असं कुणीतरी कानात सांगतंय, असं बडबडत माझा मामा बैलांना हौदावरून हाकलत होता. "ह्यो कोण?" पाहुण्यांनी विचारलं. "गडी हाय," वडील म्हणाले. मामानं ते ऐकलं आणि मुकाट शेणाची पाटी उचलली. मीही गप्पच बसले, लग्न जमलं. परवा डॉक्टर म्हणाले, "स्किझोफ्रेनियात रक्ताचं नातं विचारावं लागतं. आधी कुणाला होता?" "माझ्या मामाला," मी म्हणाले. शेजारी माझा लेक पाण्याचा ग्लास लांब सरकवत होता.