पाच लेकरं जमल्यावर

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक मिटिंगला एक रीत होती. ज्या नर्सची लस वाया गेली, तिनं उभं राहायचं. साहेब बसा म्हणेपर्यंत उभं. पुढं टेबलाशी डॉक्टरसाहेब, बाजूला कंपाउंडर, दारात शिपाई, आणि मधोमध आपण, पांढऱ्या साडीचा पदर सावरत, गृहपाठ न केलेल्या शाळेतल्या पोरीसारख्या. मी तेव्हा मंठा तालुक्यातल्या एका केंद्रात नर्सबाई होते. माझं तोंड पहिल्यापासून तिखट, पण त्या मिटिंगमध्ये माझीही वाचा बसायची. आज इतक्या वर्षांनी आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

गोवरची लस तेव्हा नवीनच आल्ती. शिशीत भुकटी असायची. सोबतचं पाणी घालून ती विरघळवायची, आणि एकदा विरघळली की चार तासांत वापरायची. उरली तर फेकायची. एका शिशीत पाच लेकरांची लस. आता तुम्हीच सांगा, वस्तीवर लेकरं काय पाच-पाचच्या हिशोबानं जन्माला येतात? दोन आली की तिघांची लस वाया. वाया गेली की मिटिंगला प्रश्न, "सरकारी लस काय तुमच्या माहेरहून येते का?" मग आम्ही साऱ्याजणींनी, कुणी कुणाला न सांगता, एक तोड काढली. पाच लेकरं जमल्याशिवाय शिशी फोडायची नाही. कमी असली तर आयांना सांगायचं, पुढच्या महिन्यात या. हे कुठल्या कागदावर नव्हतं, ट्रेनिंगला कुणी शिकवलं नव्हतं, पण तालुक्यातली एकूणएक नर्स ते पाळत होती.

अशात माझ्या क्वार्टरमध्ये एक नवी पोरगी राहायला आली. शेजारच्या उपकेंद्रावर तिची पहिलीच नेमणूक. बदनापूरकडची, शेतकऱ्याची लेक. घरातली नोकरी करणारी पहिली बाईमाणूस. वडिलांनी एसटीतून पत्र्याची पेटी उतरवली आणि मला हात जोडून म्हणाले, "ताई, तुमच्या पदरात टाकून चाललो. आमच्या आख्ख्या भावकीत बाईमाणसानं पगार घेतलेला न्हाई." पोरगी लाजून पेटीचं कुलूप चाचपत बसली.

हात मात्र सोन्यासारखा. ट्रेनिंगला शिकवलेलं ती कामाला लागताना तोंडानं म्हणायची, "सुई उकळली, थंड झाली, हात धुतले, आता दंड पुसा." मी चिडवायची, "अगं, आरती म्हणून राह्यलीस का टोचून राह्यलीस?" ती हसायची, पण एक पायरी चुकवायची नाही. लेकरू रडायच्या आत सुई बाहेर. बायका तिच्यावर खूश होत्या. आणि मिटिंगला ती कधी उभी राहिली नव्हती, कारण पाच लेकरांची गोष्ट तिला पहिल्याच महिन्यात समजली होती. ते काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या बाईला उभी बघितली की पुरे.

तिच्या गावांपैकी एक गाव आडबाजूला होतं. निम्मी घरं गावात, निम्मी शेतवस्तीवर. महिन्यातून एकदा शाळेच्या ओट्यावर लसीचा डबा घेऊन ती बसायची. वस्तीवरची एक बाई तिथं पोरगा घेऊन आली. पोरगा नऊ महिन्यांचा झालेला, गुटगुटीत. त्या दिवशी तीनच लेकरं जमली. पोरीनं गोड बोलून सांगितलं, पुढच्या महिन्यात या. बाई पुढच्या महिन्यात पुन्हा आली, पेरणीची धांदल टाकून, चिखल तुडवत. त्या दिवशी दोन लेकरं. पुन्हा तेच सांगितलं. नंतर त्या गावात गोवर आला.

आमच्याकडं गोवर आला की घराला कडुलिंबाचा डहाळा लावतात. घरात फोडणी बंद, बाहेरचं माणूस बंद, डॉक्टर तर बिलकुल बंद. गोवर म्हणजे देवी, त्या बाईंचं यायचं जायचं आपल्या पावलानं व्हावं, असं म्हणतात. त्या पोराचा गोवर उलटला. दम लागला आणि पोरगा गेला. आम्हाला काहीच ठाऊक नाही. पोरगी नेहमीसारखी घरभेटीला त्या वस्तीवर गेली आणि ओसरीत त्या बाईपुढं उभी राहिली. बाई रडली नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "आम्ही आल्तो ना बाई. दोनदा आल्तो."

पोरगी घरी आली ती पिशवी दारातच ठेवून भिंतीला टेकून बसली. मी चहा केला, तो निवला. शेवटी तिनं सांगितलं. "तुझं काही चुकलं नाही," असं म्हणावं तर खोटं, आणि "चुकलं" म्हणावं तर एकट्या तिचं कसं? मला तेव्हा सगळ्यांचा राग आला होता. साहेबांचा, मिटिंगचा, त्या पाचाच्या शिशीचा, देवाचासुद्धा. पोरीनं त्या दिवसापासून सुई हातात घेतली नाही. म्हणाली, "ताई, मी राजीनामा देते. मला हे जमायचं न्हाई." आणि वडिलांना निरोप धाडला.

वडील आले. त्यांना लेकीची नोकरी म्हणजे केवढी अपूर्वाई! पण लेकीचं तोंड बघून तेही खचले. म्हणाले, "ताई, खाण्यापिण्याची काही ददात न्हाई आमच्याकडं. नेतो मी तिला." मी म्हटलं, "न्या. पण राजीनामा साहेबांच्या हातात द्यावा लागतो, आणि साहेब उद्या तालुक्याला ट्रेनिंगमध्ये आहेत. तिथवर येऊ द्या तिला माझ्यासंगं." खरं सांगायचं तर मला फक्त वेळ काढायचा होता. अशी हाताची पोरगी घरी बसावी, हे माझ्या जिवाला लागलं होतं.

पंचायत समितीच्या हॉलमध्ये ट्रेनिंग होतं. औरंगाबादहून डॉक्टर मॅडम आल्या होत्या. फळ्यावर दंड काढला, सुई कशी धरायची ते दाखवलं, बर्फ कसा भरायचा ते दाखवलं. सगळं बराबर, आणि आम्हाला सगळं पाठ. पाठीमागच्या खुर्च्यांवर केंद्रांचे साहेब लोक, त्यात आमचेही. जेवणानंतर मॅडमनी विचारलं, "काही प्रश्न?" अशा वेळी कुणी विचारत नसतं, सगळ्यांचं लक्ष एसटीकडं. मी उभी राहिले. "मॅडम, लस टोचायला आम्हाला येते. लस फेकायला शिकवा."

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे काय, सिस्टर?" मी सांगायला तोंड उघडलं, तोवर माझ्या शेजारची पोरगी उठली. मान खाली घालून, खुर्चीची पाठ घट्ट धरून तिनं सगळं सांगितलं. तीन लेकरं, मग दोन लेकरं, मग लिंबाचा डहाळा. शेवटी बाईचं बोलणंही सांगितलं आणि ती खाली बसली.

मला वाटलं, आता मॅडम पोरीला धारेवर धरणार. तसं केलं असतं तर मी ऐकून घेणार नव्हते, पदर खोचूनच बसले होते. पण त्यांनी खडू ठेवला आणि विचारलं, "पाच जमल्याशिवाय शिशी न फोडणाऱ्या कोणकोण आहेत? कुणाचं नाव मी लिहून घेणार नाही." आधी कुणी हलेना. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी हात वर केला. मग मागं एकीनं. मग हॉलभर हात. साहेब लोक ते हात बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, "मी चार जिल्ह्यांत हेच शिकवत फिरते. तुमचे हात चांगले आहेत का, तेच बघत होते मी. तुम्ही कशाला घाबरता, हे एकदाही विचारलं नाही."

आमचे डॉक्टरसाहेब काही राक्षस नव्हते. तरणा माणूस, त्यांना जिल्ह्याच्या मिटिंगला तसंच उभं करत होते, म्हणून ते आम्हाला करत. ते पाठीमागून उठले. घसा खाकरून म्हणाले, "माझ्या केंद्रात यापुढं किती लस फेकली ते मी विचारणार नाही. किती लेकरं परत पाठवली, ते विचारीन." कुणीतरी पुटपुटलं, "आणि वरून विचारलं तर?" ते म्हणाले, "तर मी उभा राहीन." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. आणि ते खरंच उभे राहिले, दोन-तीन मिटिंगला. आम्हाला शिपायाकडून कळायचं.

पण पोरीचा राजीनामा तिच्या पर्समध्येच होता. हॉलमध्ये सगळे हळहळले, म्हणून ती सुई थोडीच हातात घेणार होती! त्याच गावातल्या ओट्यावर बसायचा दिवस लगेच दोन दिवसांवर. साहेब म्हणाले, "राजीनामा मी घेतो, पण तेवढं एक गाव करून जा." ती मला म्हणाली, "ताई, त्या गावात मला कोण उभी करंल?" मी म्हटलं, "मी येते. टोचायचं मी बघते, तू नुसती बस." वडील क्वार्टरवर थांबले. पेटी बांधून तयार होती.

आम्ही ओट्यावर डबा ठेवून बसलो. ऊन चढलं. कुणी येईना. शाळेतल्या पोरांची पाढ्यांची आरोळी आतून येत होती, बाकी सामसूम. गाव रुसलंय, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. ती डब्याच्या झाकणाकडं बघत बसली होती. मग पांदीतून दोन बायका येताना दिसल्या. पुढं तीच बाई होती. मागं तिची धाकटी जाऊ, कडेवर लेकरू.

पोरगी ताडकन उभी राहिली. बाई ओट्याखाली थांबली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "एकच लेकरू हाय आज. मंग काय, पुढल्या महिन्यात येऊ?"

मी डब्याला हात घालणार, तोच पोरीनं डबा आपल्याकडं ओढला. बाईला म्हणाली, "न्हाई ताई. बसा." तिनं हात धुतले. शिशी काढली, फोडली, पाणी घातलं. या खेपेला तोंडानं काही म्हणत नव्हती. सुईच्या हाताचं मनगट तिनं दुसऱ्या हातानं क्षणभर दाबून धरलं. मग सुई लागली आणि निघाली. लेकरू जरासं कळवळलं आणि आईच्या पदराशी खेळायला लागलं.

बाई गेली नाही. जावेला पुढं धाडून ती ओट्याच्या कडेला बसून राहिली. आम्ही वाट बघितली, पण दुसरं लेकरू आलं नाही. वेळ संपली तशी पोरीनं शिशी उचलली. त्यात उरलेलं पाणी करंगळीच्या पेराएवढंही नव्हतं. ते फेकायच्या डब्यात टाकताना बाई टक लावून बघत होती. "एवढंच उरतं व्हय?" तिनं विचारलं. पोरगी म्हणाली, "हो."

"मंग तवा का न्हाई फोडली?"

मी मधे पडणार होते. लसीची किंमत, वरची माणसं, नियम, सगळं माझ्या ओठावर आलं होतं. पोरीनं मला हातानं थांबवलं. ती त्या बाईसमोर खाली बसली. "घाबरले होते, ताई. लस वाया गेली की मिटिंगला उभं करतात."

बाईला ते कळेना. तिनं माझ्याकडं बघितलं, पुन्हा पोरीकडं बघितलं. "उभं करतेत? नुसतं उभं?"

"हो," पोरगी म्हणाली. "नुसतं उभं."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पांदीनं चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत पोरगी तिथंच खाली बसून होती. मग तिनं डबा बंद केला, पट्टा खांद्यावर घेतला आणि मला म्हणाली, "बाबांना तुम्हीच सांगा, पेटी सोडून ठेवा म्हणावं. मी वस्तीवरून जाऊन येते. कुणाकुणाची लेकरं राहिलीत, ते दारोदार विचारते."